चौघांचा गट, एकाचा प्रयोग

विद्यापीठातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल सुरू होताना पहिली दहा मिनिटं बाजूला उभं राहून नुसतं बघावं. चौघांचा गट टेबलाशी येतो. कुणी काय करायचं, यावर एक शब्दही बोलला जात नाही. एक जण सरळ उपकरणाला हात घालतो. दुसरा त्याला खेटून उभा राहतो आणि 'थोडं वर घे, आता थांब' असं सांगत राहतो. तिसरी वही उघडून निरीक्षणांचा तक्ता आखायला घेते. चौथ्याला टेबलाशी जागाच उरत नाही. तो मागून डोकावतो आणि शेवटी तिसरीच्या वहीतून आकडे उतरवून घेतो. पुढच्या आठवड्यात प्रयोग बदलतो, ही वाटणी मात्र तशीच राहते. सत्र संपताना चौघांच्याही जर्नलवर तीच सही असते, आणि चौघांनीही सगळे प्रयोग केल्याची नोंद होते.

या वर्गांबद्दल दोन चर्चा कायम चालू असतात. प्रॅक्टिकलमधून मुलं खरंच काही शिकतात का, ही एक. अपंग विद्यार्थी, मुली, ज्यांच्या शाळेत प्रयोगशाळाच नव्हती अशी मुलं, यांना इथे सामावून कसं घ्यायचं, ही दुसरी. पहिली विभागाच्या बैठकीत होते, दुसरी कुठल्यातरी समितीकडे सोपवली जाते. मला वाटतं, या दोन चर्चा वेगळ्या काढल्या म्हणूनच दोन्ही पुढे सरकत नाहीत. ज्या वर्गात चारातले तीन जण प्रयोगाबाहेर राहतात, तो वर्ग परिणामकारक आहे असं म्हणायचं तरी कशाच्या आधारावर? आणि उपकरणाजवळ असलेला तो एक जण तरी काय शिकतो, हेही तपासायला हवं. तो छापील पुस्तिकेतल्या सूचना क्रमाने पाळत असतो, एवढंच.

आधी परिणामकारकतेचं बघू. प्रॅक्टिकल कशासाठी, असं विचारलं की बहुतेक प्राध्यापक सांगतात, व्याख्यानात शिकवलेला सिद्धांत पक्का व्हावा म्हणून. हे उत्तर इतकं सवयीचं झालंय की ते तपासून पाहावं असं फार काळ कुणाला वाटलं नाही. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या नताशा होम्स यांनी सहकाऱ्यांसह ते तपासलं. तीन संस्थांमधले नऊ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. तिथे प्रयोगशाळेचा वर्ग ऐच्छिक होता, त्यामुळे तो केलेले आणि न केलेले विद्यार्थी एकाच लेखी परीक्षेला बसत होते. ज्या संकल्पना प्रयोगातून पक्क्या व्हाव्यात अशी अपेक्षा होती, त्यांच्यावरच्या प्रश्नांत दोन्ही गटांची कामगिरी त्यांनी ताडून पाहिली. फरक जवळजवळ शून्य निघाला. 2017 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिद्धांत पक्का करण्यासाठी म्हणून दर आठवड्याला दोन-तीन तास, महागडी उपकरणं आणि इतकं मनुष्यबळ आपण ज्यावर लावतो, त्याने तेच काम होत नाही, असा त्याचा अर्थ.

मग प्रॅक्टिकल बंदच करावीत का? अजिबात नाही. प्रयोगशाळेत जे शिकता येतं आणि फळ्यावर कधीच शिकता येत नाही, ते शिकवायला सुरुवात करावी. आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, मोजणी सुधारायची कशी, दोन मोजण्यांतला फरक खरा की नुसता योगायोग, हाताशी असलेल्या पुराव्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, या गोष्टी करूनच कळतात.

साधा लंबक घ्या. दोरीची लांबी एक मीटर, म्हणजे एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद. नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये यावरून गुरुत्वीय त्वरण काढतात. उत्तर 9.8 च्या आसपास येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, आणि नाही आलं तर ते आणता येतं हेही माहीत असतं. आता याच लंबकाला वेगळा प्रश्न विचारा. 10 अंशांवरून सोडलेल्या आणि 20 अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, सारखाच असतो का? पुस्तकातलं सूत्र सांगतं, सारखाच. विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन एक आंदोलन मोजतात आणि दोन्ही वेळा उत्तर सारखंच येतं, कारण खरा फरक सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा आहे आणि बटण दाबण्यातलीच चूक त्याच्या कितीतरी पट मोठी असते. पण शिक्षकाने 'तुमच्या मोजणीतली अनिश्चितता किती, आणि ती कमी कशी कराल?' असं विचारलं की गोष्ट बदलते. कुणीतरी म्हणतं, एकाऐवजी वीस आंदोलनं मोजू आणि भागू. दुसऱ्याला सुचतं, तेच पाच-सहा वेळा करून सरासरी घेऊ. वीस आंदोलनांत तो फरक साठत साठत पाव सेकंदाजवळ पोचतो आणि सरासरीतून डोकं वर काढतो. पहिली प्रतिक्रिया असते, 'आमचंच काहीतरी चुकलं.' पुन्हा मोजतात. फरक जात नाही, उलट जास्त स्पष्ट होतो. तेव्हा कुठे लक्षात येतं की पुस्तकातलं सूत्र लहान कोनांपुरतं केलेलं अंदाजी सूत्र आहे, आणि ते कुठे तुटतं हे आपण आपल्या हाताने शोधलं आहे.

होम्स, वीमन आणि बॉन यांनी 2015 साली अशा धाटणीच्या शिकवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. 'आकडे ताडून बघा, मग पुढे काय करायचं ते ठरवा, आणि पुन्हा करा' हे चक्र ज्या विद्यार्थ्यांकडून सातत्याने करून घेतलं, त्यांनी आपणहून प्रयोगपद्धत सुधारण्याचं प्रमाण नेहमीच्या वर्गातल्या मुलांच्या तुलनेत 12 पट होतं. पुढच्या वर्षी वेगळ्या अभ्यासक्रमात गेल्यावरही ती सवय टिकून राहिली. या वर्गात उपकरणं तीच होती. विद्यार्थ्याकडे ठरवण्याचा अधिकार आणि चुकलं तर पुन्हा करायला वेळ, एवढंच जास्तीचं दिलं होतं.

इथपर्यंत सुधारणावादी मंडळी माझ्याशी सहमत होतील. पण यापुढची गोष्ट अडचणीची आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक केली जाते. मोकळीक दिली की ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या गटांचं चित्रीकरण करून कोण काय हाताळतं याची नोंद ठेवली. ठरावीक पायऱ्यांच्या जुन्या पद्धतीच्या वर्गात मुलं आणि मुली उपकरणं साधारण सारखीच हाताळत होती. जिथे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवायचं होतं, अशा नव्या वर्गात मुलांचा वेळ उपकरणांवर जास्त गेला आणि मुलींचा लॅपटॉपवर. कुणी सक्ती केली नव्हती. कुणी वाईट वागत होतं असंही नाही. सूचनांची चौकट निघाली आणि तिची जागा सवयींनी घेतली.

म्हणजे वर्ग परिणामकारक करायचा म्हणून जो बदल आपण करतो, तोच समावेशाच्या बाजूने नीट आखला नाही तर जुन्या वर्गापेक्षाही विषम वर्ग तयार होतो. उत्तम पद्धतीचा फायदा मग गटातल्या एकालाच मिळतो. मुलींच्या जागी परक्या भाषेत शिकणारा, बुजरा किंवा आयुष्यात पहिल्यांदाच मल्टिमीटर (विजेची मोजमापं घेणारं उपकरण) पाहणारा विद्यार्थी ठेवून बघा. ज्याला उपकरण ओळखीचं आहे तो पुढे होतो, पुढे झाल्यामुळे त्याचा हात आणखी बसतो, आणि दोन महिन्यांनी 'त्याला जमतं, हिला जमत नाही' हे त्या गटाचं सत्य होऊन बसतं. शिक्षकही ते मान्य करून टाकतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि म्हणूनच तो न करण्याला सबब नाही. कामं नावानिशी वाटून द्या आणि फिरवा. आज उपकरण कोण हाताळणार, नोंदी कोण करणार, पुढची पायरी काय असावी हे कोण सुचवणार, आणि 'हा आकडा कशावरून बरोबर?' हा प्रश्न विचारायची जबाबदारी कुणाची, हे सुरुवातीलाच फळ्यावर लिहा आणि अर्ध्या वेळाने बदला. चौघांऐवजी दोघांचे गट जमत असतील तर फार बरं, कारण जोडीत मागे उभं राहायला जागाच नसते. गट पाडताना एकटी मुलगी तीन मुलांत पडणार नाही हे बघा. आणि मित्रांनी मित्रांचे गट करायचे, ही पद्धत निदान पहिल्या सत्रात तरी बंद करा. मोठ्या वयाच्या मुलांना असं बांधून घालणं बालिश वाटतं, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. ज्याला उपकरण आपोआप मिळतं, त्याला ही वाटणी बालिश वाटणारच. ज्याला कधीच मिळालं नाही, त्याने मात्र अशी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

अपंगत्वाचा प्रश्न आला की चर्चेचा सूर एकदम बदलतो. 'आम्ही सवलत देऊ' असं म्हटलं जातं. सवलत म्हणजे बहुतेक वेळा प्रयोगातून सुटका. त्या विद्यार्थ्याने बसून बघायचं, सहकाऱ्याचे आकडे घ्यायचे आणि तोंडी परीक्षेत थोडी सूट घ्यायची. हेतू दयाळू असेल, पण परिणाम असा की त्याला विज्ञान शिकवायचं नाही असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

रंगांधळेपणाचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तो दिसत नाही आणि बरेच विद्यार्थी तो सांगतही नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांधळेपणाचं प्रमाण सुमारे 8 टक्के आहे. इतर समाजांत ते काहीसं कमी असतं, आणि स्त्रियांत सगळीकडेच बरंच कमी. म्हणजे मोठ्या बॅचमध्ये असा कुणीतरी असतोच असं धरून चालावं. अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन स्वतः रंगांधळा होता आणि 1794 साली त्याने आपल्या या अनुभवावर निबंधही वाचला होता. आता त्याला आजच्या टायट्रेशनच्या टेबलाशी उभं करा, म्हणजे आम्लात आम्लारी थेंबाथेंबाने सोडत अभिक्रिया कधी पूर्ण होते ते बघायच्या प्रयोगाशी. मिथाइल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक घातलंय, लालसर रंग पिवळा व्हायला लागला की थांबायचं. शेजारचा सांगतो 'बदलला', पण याला बदललेलं दिसत नाही. तो दोन मिलीलीटर पुढे जातो, आणि 'काळजीपूर्वक काम करत नाही' असा शेरा मिळतो.

इथे एकच प्रश्न विचारायला हवा. या प्रयोगातून विद्यार्थ्याने शिकायचं काय आहे? रंग ओळखणं हे उद्दिष्ट असेल, तर गोष्ट वेगळी. पण उद्दिष्ट आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया कशी पुढे जाते हे समजणं असेल, तर रंग हा केवळ खुणेचा दगड आहे आणि दगड बदलता येतो. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड फ्लास्कमध्ये सोडा आणि दर वाढीला पीएच टिपत आलेख काढा. ॲसेटिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड घालत गेलं की आधी पीएच जरा भरभर चढतो, मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, आणि समतुल्य बिंदूपाशी, म्हणजे सगळं आम्ल संपतं तिथे, एकदम उडी घेतो. त्या बिंदूच्या निम्म्या आकारमानाला पीएच 4.76 च्या जवळ दिसतो, म्हणजे आम्लाचा पीकेए, त्याच्या तीव्रतेचं माप, तिथेच वाचता येतो. बफर, म्हणजे पीएच फारसा बदलू न देणारं द्रावण, कसं असतं हे त्या सपाट पट्ट्यात डोळ्यांसमोर असतं. रंगाचा एक थेंब पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. एका विद्यार्थ्याची अडचण समोर ठेवून प्रयोग नव्याने आखला, तर रसायनशास्त्र सगळ्या वर्गाच्याच पदरात जास्त पडतं. हाताचं कसब जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणून ब्युरेट तीच ठेवा, थेंब हातानेच सोडू द्या, पिपेटही हातानेच वापरू द्या.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आकडे बोलून दाखवणारे तापमापक आणि तराजू मिळतात. सिरिंजच्या दट्ट्याला ठरावीक अंतरावर खाचा पाडल्या तर द्रव बोटांनी मोजता येतो. गीरात वर्मेय हे लहानपणापासून दृष्टिहीन असलेले जीवशास्त्रज्ञ शंखशिंपले बोटांनी वाचतात आणि त्यांच्या उत्क्रांतीवर त्यांनी जगन्मान्य काम केलं आहे. जॉन कॉर्नफर्थ विशीतच पूर्ण बहिरे झाले, त्यांना 1975 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशी नावं सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण त्यातून 'असामान्य असाल तर तुम्हाला जागा आहे' असा अर्थ निघू शकतो. साध्या, मध्यम गुण मिळवणाऱ्या बहिऱ्या विद्यार्थ्यालाही जागा हवी. त्यासाठी प्रात्यक्षिक दाखवताना शिक्षकाने वर्गाकडे तोंड करून बोलावं, फ्यूम हूडच्या (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) घरघरीत सूचना देऊ नयेत, आणि धोक्याच्या घंटेबरोबर दिवाही लागावा. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी निदान एक तरी टेबल कमी उंचीचं आणि खालून मोकळं असावं. ही कामं बांधकामाच्या वेळी केली तर सोपी पडतात.

सुरक्षेचं कारण यात हमखास पुढे येतं. 'याला ॲसिड कसं हाताळू द्यायचं?' सुरक्षा महत्त्वाची आहेच. पण धोका मोजायचा तर प्रत्येकासाठी मोजा आणि त्या विद्यार्थ्याला सोबत बसवून मोजा. बाटली कुठे ठेवायची, कुठली पायरी कशी करायची, काय टाळायचं, हे आपल्या शरीराबद्दल त्यालाच सगळ्यांत जास्त माहीत असतं. ज्या टेबलावर पसारा असतो, बाटल्यांवरची लेबलं वाचता येत नाहीत आणि वाट अडलेली असते, ते टेबल कुणासाठीच सुरक्षित नसतं.

आणखी एक अडथळा आहे, त्याला नाव नाही म्हणून तो दिसत नाही. प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या विद्यार्थ्यावर एकाच वेळी किती गोष्टी कोसळतात ते बघा. नवं उपकरण, नव्या संज्ञा, पुस्तिकेतली दोन पानं, सुरक्षेचे नियम, गटातली माणसं आणि घड्याळ. ॲलेक्स जॉनस्टन या रसायनशिक्षण संशोधकाने 1980 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की हा भार माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीला पेलत नाही, आणि मग विद्यार्थी विचार बाजूला ठेवून पायऱ्या पाळत सुटतो. म्हणून उपकरण कसं लावायचं याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ आदल्या दिवशी द्या, सोबत मजकूरही द्या. ज्याच्या शाळेत प्रयोगशाळा होती त्याला याची गरज कमी. ज्याच्या नव्हती, त्याला तो दारातून आत आणतो. संगणकावरची आभासी प्रयोगशाळाही या कामाला फार चांगली आहे. तिने खऱ्या प्रयोगाची जागा घ्यावी हे मात्र मला मान्य नाही. पडद्यावरचा लंबक डुगडुगत नाही, त्याची दोरी ताणली जात नाही, आणि 'हा आकडा विचित्र का आला' असं विचारायची वेळ तो आणतच नाही.

आता गुणांकडे, कारण विद्यार्थी सूचनांपेक्षा गुणपत्रिका जास्त बारकाईने वाचतात. उत्तर पुस्तकाच्या जवळ आलं की पूर्ण गुण, असं असेल तर रीडिंग जुळवली जाणार. आधी उत्तर ठरवायचं, मग उलट हिशेब करून निरीक्षणं लिहायची, हे सगळीकडे चालतं आणि त्याचा दोष मी मुलांना देणार नाही. आपण तेच मागतो. रॉबर्ट मिलिकन यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला तेव्हा हवेच्या श्यानतेचा (दाटपणामुळे होणाऱ्या विरोधाचा) आकडा थोडा चुकीचा धरला गेला, त्यामुळे उत्तर अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त कमी आलं. पुढच्या संशोधकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर गेली नाहीत, ती हळूहळू सरकत गेली, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 1974 च्या भाषणात सांगितलं होतं. मिलिकनपेक्षा फार वेगळा आकडा आला की लोक आपली चूक शोधत बसत, जवळचा आला की तितकं खोदत नसत. मुरलेल्या शास्त्रज्ञांचं हे, तर गुणांवर पुढचं वर्ष अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

गुण निर्णयांना द्या. मोजणी का बदलली, कुठला आकडा संशयास्पद वाटला आणि त्याचं काय केलं, शेवटी कशावर विश्वास ठेवला, हे वहीत लिहिलेलं असावं आणि ती वही प्रयोग चालू असतानाच भरलेली असावी. खाडाखोड असू दे. घरी बसून सुबक अक्षरात उतरवलेल्या जर्नलचे गुण ताबडतोब बंद व्हावेत. त्यातून फक्त वेळ आणि अक्षर तपासलं जातं, आणि ज्याला घरी वेळ नाही त्याचे गुण जातात. पिपेट भरता येते का, सूक्ष्मदर्शक नीट लावता येतो का, असली कौशल्यं प्रत्येकाची स्वतंत्र तपासा. काही विद्यापीठांत विद्यार्थी स्वतःचा छोटा व्हिडिओ करून देतात, जमलं नाही तर पुन्हा करून देतात. त्यात गटाच्या आड लपता येत नाही आणि पहिल्याच चुकीला नापासही व्हावं लागत नाही.

हे सगळं करायचं तर दहा-बारा प्रयोगांची यादी टिकणार नाही. पाच-सहा प्रयोग, प्रत्येकाला दोन आठवडे: पहिल्यात करून बघायचं, दुसऱ्यात सुधारून करायचं. 'अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार?' असं लगेच विचारलं जाईल. आज बारा प्रयोगांत मागे उभ्या राहणाऱ्या त्या चौथ्या मुलाचे किती पूर्ण होतात, हे आधी मोजावं. गॅलिलिओला, न्यूटनला पडलेले सगळे प्रश्न पदवीच्या तीन वर्षांत उरकायचे, असा नियम कुणी घालून दिलेला नाही. यादी आपण केली आहे, आपणच कमी करू शकतो.

आणि डेमॉन्स्ट्रेटरना शिकवा. बहुतेक ठिकाणी संशोधन करणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना एका दुपारच्या सूचनेवर वर्गात उभं केलं जातं. ती मुलं हुशार असतात, पण टेबलाशी आल्यावर साहजिकच उपकरण ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलतात, आणि अडलेल्याला उत्तर सांगून पुढे जातात. त्यांना दोनच गोष्टी पक्क्या सांगाव्यात. पहिला प्रश्न उपकरणापासून सगळ्यांत लांब उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारायचा. आणि उत्तराची वाट पाहायची, त्या मुलाला टेबलाशी यायला, आकडे पाहायला आणि चुकीचं का होईना पण स्वतःचं काहीतरी म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा.